नोंद नसलेली प्लेट

पुण्यात तोंड बांधून फिरणं यात नवल काही नाही.
कर्वे रोडच्या सिग्नलला उभ्या सगळ्याच मुली
नुसत्या डोळ्यांच्या.
पण ऋजुता स्कूटर लावून, तीन जिने चढून,
पानावर बसली तरी स्कार्फ सोडीना
तेव्हा मी वरणाचा डाव खाली ठेवला.

हनुवटी, दोन्ही गाल, कानाशी एक
टणक, पिकलेलं, बोट लावू देईना.
केमिस्टकडून आणलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं
कंपासपेटीत दडवलेली.
सव्वा महिना. कुणाला न विचारता.
आधी उतरलं म्हणे, मग दुप्पट आलं.

आता माझं काम असं, की
एरंडवण्यातल्या लॅबमध्ये मी दिवसभर
लोकांच्या जखमा उगवून बघते.
गळू, थुंकी, टाक्यांतला पू,
सदतीस अंशांवर रात्रभर ठेवायचं,
सकाळी औषधांच्या नावांपुढे एकेक अक्षर लिहायचं.
पूर्वी 'एस' लिहायचे. हल्ली
आर, आर, आर,
आर.
हाताला सवय झालीय.

शनिवारी सगळे गेल्यावर
मी माझ्याच मुलीचा स्वॅब लावला.
रजिस्टरात नाव नाही, पावती नाही.
रविवार पेठेत गुगळ्यांकडून आणलेलं लोध्र,
सोसायटीच्या कडुनिंबाचा पाला, वाटून,
हळद सांगलीची,
आणि शेजारणीने महाबळेश्वरहून आणलेला मध,
कागदाच्या टिकल्याएवढ्या चकत्यांवर.
मधोमध तिच्या त्या गोळीची चकती.

सोमवारी झाकण उघडलं.
गोळीला जंतू खेटून बसले होते
आग्रहाच्या पंगतीला बसावेत तसे.
हळदीने नुसता डाग पाडला.
(एवढ्या नवऱ्या मुलींना लावली, इथे काही बोलली नाही.)
लोध्र गप्प.
निंबाभोवती, असेल, नखाएवढी मोकळी जागा.
आणि मधाभोवती गोल. पट्टी लावली,
चौदा मिलिमीटर,
काहीच न उगवलेलं.

कुणाला सांगितलं नाही.
काचेवरचं काचेवर. गाल म्हणजे प्लेट नव्हे,
आणि एक प्लेट म्हणजे पुरावा नव्हे,
हे नव्या पोरींना मीच शिकवते.
शिवाय आमचे शिपाई वाघमोडे आठवले,
साखरेचा पाय, त्यावर नुसती हळद बांधून
पंधरा दिवस कामावर येत राहिले.
दोन बोटं गेली.
म्हणून आधी डॉक्टर सबनिसांकडे.
त्यांनी कानाशीचं चिरून पू काढला,
गोळ्या बंद केल्या, मलम लिहिलं,
ताप आला, लाली डोळ्याकडे सरकली
तर रात्री बारालाही या, म्हणाले.
मी मधाचं विचारलं, उधार मागावं तसं.
"लावा की. चाटू मात्र देऊ नका."

रात्री वाटी घेऊन तिच्या उशाशी बसले.
बोटाने एकेक ठिपका.
इतक्या जवळून हा चेहरा मी
ती अंगावर प्यायची तेव्हा पाहिलेला.
डोळे मिटून म्हणाली, आई, घाण दिसतं ना?
मी म्हटलं, हलू नकोस, भुवईत जाईल.

अडीचला किंकाळी.
खिडकीच्या चौकटीतून, भिंतीवरून, पलंगाच्या पायावरून
लाल मुंग्यांची शिस्तशीर रांग
थेट उशीवर.
ट्यूब लावली, झाडू घेऊन धावले,
तर ही गादीवर उभी, गालावर तीन मुंग्या,
आणि हसतेय.
पोट धरून, सगळं तोंड उघडं टाकून.
खालून नगरकरांनी काठीने छत ठोकलं,
तरी थांबेना.